कपाळावरची नागीण

शोभा,

वर्ष होत आलं तरी तुझ्यावरचा माझा राग उतरलेला नाही, म्हणून आज लिहायला बसले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी तुला सरळ विचारलं होतं, "सहा दिवस कुठे होतात? कोणी अडवलं होतं का?" आणि तू म्हणालीस, "मलाच वाटलं, आपोआप जाईल." खोटं! धडधडीत खोटं! मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. माझं नाव घ्यायचं होतंस. धुरपदाबाईचं घ्यायचं होतंस. दोन नावं तोंडाशी होती आणि तू दोन्ही गिळलीस. चांगुलपणा करायला तुला दुसरी वेळ मिळाली नाही? मी तिथल्या तिथे चार शब्द ऐकून घेतले असते, मान खाली घातली असती आणि सुटले असते. तू मला सुटू दिलं नाहीस. याचा राग येऊ नये तर काय व्हावं?

प्रतिभा

पत्र लिहून झालं, घडीही घातली गेली, पण ते गेलं नाही. तीन घरं पलीकडे राहणाऱ्या बाईला पत्र कोण पाठवतं? शिवाय शोभा महाजनला वाचायला एकच डोळा उरलाय. तोही प्रतिभाच्या संतापावर खर्ची पडावा, हे प्रतिभालाच पटलं नाही. कागद टेबलाच्या खणात गेला.

बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्याच्या आळीत, शोभाला ओळखत नाही असं घर शोधून काढावं लागेल. ती रफू करते. करायची, असं म्हणायला हवं, पण प्रतिभाच्या तोंडात अजून ते बसत नाही. तिच्या नवऱ्याचं, सुधाकर महाजनांचं, कापडाचं छोटं दुकान आहे. पुढे ते गिऱ्हाइकाशी बोलायचे, आणि मागच्या खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर शोभा बसलेली असायची. उंदरांनी कुरतडलेले शालू, इस्त्रीनं जळालेल्या शेरवान्या, खिळ्याला अडकून फाटलेली रेशमी धोतरं, सगळं तिच्या मांडीवर येऊन पडायचं. तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं की बाजारातला धागा कधी वापरायचा नाही. कापडाच्याच आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा ओढून काढायचा आणि त्याच धाग्यानं भोक विणून काढायचं. एक वर, एक खाली, पुन्हा एक वर. झालं की ती कापड उजेडासमोर धरायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "सांगा, कुठे होतं?" लोक चष्मे पुसून शोधायचे. सापडायचं नाही. तेव्हा शोभा गालात हसायची. तिचा तेवढाच काय तो गर्व.

प्रतिभा चौधरीचं सगळंच उलटं. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि चौतीस वर्षं दामटून शिकवलं. तिच्या वर्गात कुणी "अंगात आलं", "नजर लागली" असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की उभं करायची. आळीतल्या बायका तिला पाठीमागे मास्तरीण म्हणायच्या. शोभा तोंडावर म्हणायची.

दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. आठव्या वर्षी दोघींना एकाच आठवड्यात कांजिण्या आल्या. घरात म्हणाले, माता आली. दोघींना एकाच खोलीत टाकलं, अंथरुणाखाली कडुनिंबाचा पाला, खाजवलं की हातावर चापटी. दहाव्या दिवशी खपल्या धरल्या, अंघोळ झाली, नैवेद्य झाला. माता गेली म्हणून सगळे मोकळे झाले.

ती गेलेली नव्हती. प्रतिभानं पुढे वर्गावर्गांत फळ्यावर आकृती काढून हेच सांगितलं होतं. विषाणूंचं एक घराणं आहे, हर्पीस नावाचं. त्यात कांजिण्यांवाला आहे, ओठावर फोड आणणारा आहे, आणखीही भाईबंद आहेत. त्या सगळ्यांची एक खोड सारखी. एकदा घरात शिरले की जन्मात बाहेर पडत नाहीत. कांजिण्या बऱ्या झाल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन दडी मारतो. पन्नास वर्षं, साठ वर्षं. मग वय होतं, अंगातली ताकद कमी पडते, आणि तो कुठल्या तरी एका तंतूची वाट धरून कातडीपर्यंत येतो. अंगाच्या एकाच बाजूनं, पट्ट्यासारखे फोड उठतात. आग होते, ठणका लागतो. आपल्याकडे त्याला नागीण म्हणतात.

हे सगळं प्रतिभाला पाठ होतं. परीक्षेत तिनं मुलींचे यावर मार्क कापले होते.

मागच्या नोव्हेंबरात ती नाशिकला, मुलीच्या घरी गेली होती. तिथे घर बदलायची गडबड होती. खोकी भरत असताना शनिवारी सकाळी फोन वाजला.

"प्रतिभा, कपाळावर नागीण आली गं मला."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. गायत्री म्हणते, दुकानात आलेलं गिऱ्हाईक म्हणतं. काल संध्याकाळपासून डोक्यात विजा निघतात. कंगवा लावू देत नाही."

"शोभा, नागीण-बिगीण काही नसतं. साप काय अंगावर चढून बसतो का तुमच्या? पुरळ आहे, आठ दिवसांत जाईल. ते गुलाबी औषध मिळतं, ते लाव आणि गप पड."

"म्हणजे काही नाही ना?"

"काही नाही. आणि कुणाच्या नादी लागू नकोस. ठेवते, इथे टेम्पोवाला उभा आहे."

ठेवलाच तिनं फोन. कुठल्या बाजूला आलं, विचारलं नाही. डोळ्याच्या किती जवळ, विचारलं नाही. शोभाचं वय सहासष्ट, आपल्याच वयाची, याचा हिशेब डोक्यात आला नाही. डोक्यात आला तो फक्त त्या शब्दाचा संताप. नागीण हे नाव तिला इतकं झोंबलं, की तिनं नावाबरोबर रोगही उचलून फेकून दिला. अडाणी माणसानं ही चूक केली नसती. अडाणी माणूस निदान घाबरला असता. अशी चूक करायला जीवशास्त्र शिकवावं लागतं.

रविवारी गायत्री, म्हणजे शोभाची सून, तिला जवळच्या जसोंडी गावाला घेऊन गेली. तिथे धुरपदाबाई नागीण उतरवते. रविवार आणि बुधवार, या दोनच वारी. सासऱ्याकडून तिच्याकडे आलेलं काम, कुणाकडून नारळसुद्धा घेत नाही. ओट्यावर सकाळपासून माणसं बसलेली असतात. ती गेरू उगाळते, फोडांभोवती आणि फोडांवर लावते, तोंडातल्या तोंडात काही म्हणते. तीन वेळा लावायचा, तीन वेळा होईतो धुवायचा नाही, आणि इंग्रजी गोळी पोटात जाता कामा नये. गोळी गेली की गुण गेला.

या पट्टीतल्या माणसाला नागिणीचं भय एकाच गोष्टीचं असतं. ती कंबरेभोवती वेढा घालते. तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस संपला, असं मानतात. म्हणून घरची माणसं रोज दिवा धरून बघतात, किती सरकली. धुरपदाबाईनं शोभाचं तोंड उजेडाकडे वळवलं, डाव्या भुवईच्या वर हात फिरवला आणि हसली.

"हे काय घेऊन आली तू पोरी? मी म्हटलं कंबरेवर आहे का काय. ही कपाळावरची आहे माय. हिला वेढा घालायला जागाच कुठे आहे? तोंडाला शेपूट भेटणारच नाही. काही भ्यायचं काम नाही."

आणि कपाळापासून पापणीवरून थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत गेरू थापला.

इथे प्रतिभाचं डोकं आजही फिरतं. खरी गोष्ट बरोब्बर उलटी आहे. कंबरेवरचा विषाणू एका तंतूत बसलेला असतो आणि तो तंतू अर्ध्याच अंगाला पुरतो, म्हणून तो वेढा सहसा पुरा होतच नाही. गेरू लावा नाहीतर चिखल लावा. धुरपदाबाईला दर वेळी यश येतं, कारण हरण्याची सोय तिथे नाही. पण कपाळावर जो तंतू येतो, त्याचीच एक फांदी डोळ्यात जाते आणि एक नाकाच्या शेंड्याला. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, की डोळा धोक्यात आहे असं समजायचं आणि त्याच दिवशी पळत सुटायचं. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर पुष्कळदा डोळा वाचतो. जिला सगळ्यांत जास्त भ्यायला हवं, तिलाच इथे बिनविषारी ठरवलं. आणि जो एक फोड ओरडून सांगत होता, त्याच्यावर गेरू फासला.

शोभा घरी आली. तिच्या मनात आता शंका उरली नव्हती. पुढे एकदा ती प्रतिभाला म्हणालीही, "तू म्हणालीस काही नाही, धुरपदाबाई म्हणाली काही नाही. तुमचं दोघींचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं गं. मी अविश्वास कुणावर ठेवायचा?"

हसत म्हणाली. हसायचं काय होतं त्यात?

सोमवारी पापणी सुजली. मंगळवारी डोळा उघडेना. बुधवारी दुसरा गेरू झाला. गुरुवारी दुपारी प्रतिभा गाडीतून उतरली, पिशवी घरात टाकली आणि दुकानात गेली. स्टुलावर शोभा नव्हती. सुधाकरराव म्हणाले, "आत पडलीय, प्रतिभाताई. जरा उजेड नको म्हणते."

खोलीत पडदा ओढलेला. अर्धं तोंड विटकरी, वाळून भेगा पडलेलं. प्रतिभानं काही न विचारता पाण्यात फडकं बुडवलं.

"अगं, अजून एक वार राहिलाय," शोभा म्हणाली. "रविवारी झाला की धुवायचं."

"गप्प बस."

"मास्तरीण, दुखतं."

"दुखू दे."

नाकावरचा गेरू निघाला. खाली शेंड्यावर चार फोड, फुटून काळे पडलेले. प्रतिभाच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. फळ्यावरची आकृती तिच्या डोळ्यांपुढे आली, खडूनं काढलेली, तीन फांद्यांची. वर्षानुवर्षं तीच काढली होती.

दारात गायत्री उभी होती. "काकू, मैंने तो बोला था, डॉक्टर को दिखा लो. पण आई म्हणाल्या, प्रतिभाशी बोलणं झालंय, काही नाही म्हणते ती. मग मी काय बोलणार?"

"रिक्षा आण," प्रतिभा म्हणाली.

डॉक्टरांनी यंत्रातून डोळा पाहिला, मग खुर्ची मागे सरकवून तो प्रश्न विचारला, आणि शोभानं ते उत्तर दिलं. प्रतिभानं तोंड उघडलं होतं. शोभाचा हात खुर्चीच्या दांड्यावरून तिच्या मनगटावर आला आणि घट्ट बसला. रफू करणाऱ्या बाईची बोटं, सुईवर कमावलेली. प्रतिभा गप्प राहिली. कुणी मनगट धरल्यावर गप्प राहायची तिची रीत नव्हती, त्या दिवशी राहिली. हे ती स्वतःला आजवर माफ करू शकलेली नाही, आणि शोभालाही नाही.

दिवसाला पाच वेळा गोळ्या सुरू झाल्या, दर तासाला थेंब. आठ दिवसांनी इंदूरला जायला सांगितलं. इंदूरच्या दवाखान्यात नंबर यायला तीन तास लागले. तिथे बाकावर शोभानं विचारलं, "आठव्या वर्षी शिरलेला तो हाच?"

"हाच."

"तुझ्यातही आहे मग?"

"आहे. माझा निजलाय."

"बघ हं. तुझाही उठायचा." मग तिनं विचारलं, "या घराण्यात एकही गुणाचा निघाला नाही का गं?"

"निघाला एक. ओठावर फोड आणतो ना, त्याला शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत सुधरवला. त्याच्या नख्या नि दात काढले आणि कातडीच्या एका कॅन्सरवर सोडला. गाठीत टोचतात, तो गाठ पोखरतो."

"म्हणजे सुधरतो. कुणी मनावर घेतलं तर सुधरतो." शोभानं पट्टी सारखी केली. "आमच्यावाल्याला नाही कोणी मनावर घेतलं."

"त्याची लस आहे," प्रतिभा चिडून म्हणाली. चीड कुणावर, ते तिलाही सांगता आलं नसतं. "पन्नाशीनंतर घ्यायची. नागीण येऊच नये म्हणून."

"तुला ठाऊक होतं?"

प्रतिभाला ते आठ दिवसांपूर्वी कळलं होतं, डॉक्टरांच्या भिंतीवरचा कागद वाचून. शाळा सोडल्यावर तिनं नवीन काही वाचलंच नव्हतं. जुन्या ज्ञानावर लोकांना दटावत फिरत होती. पुढे तिनं ती लस घेतली. दंडावर सुई टोचत असताना तिला इतकी लाज वाटली, की नर्सनं विचारलं, चक्कर येतेय का.

डावा डोळा गेला. बुबुळावर पांढरा डाग राहिला, दिवा लागलाय की नाही एवढं कळतं. कपाळावरची आग मात्र गेली नाही. महिनोन्‌महिने पदराचा स्पर्श झाला तरी शोभा दचकायची. पंखा लावू द्यायची नाही.

फेब्रुवारीत ती पुन्हा स्टुलावर बसली. एका म्हाताऱ्या बाईचा जांभळा शालू होता, काठाला वीतभर कुरतडलेला, आजारपणाआधीपासून पडून राहिलेला. प्रतिभा समोर बसली होती. शोभानं शिवणीतून धागा ओढला, ओवला, आणि सुई कापडाला लावली. सुई कापडाच्या अलीकडे हवेत टोचली गेली. पुन्हा लावली, या वेळी बोटात गेली. एका डोळ्याला अंतर कळत नाही. सुईचं टोक आणि सूत यांच्यात किती जागा आहे हे दोन डोळे मिळून सांगतात, हेही प्रतिभानंच वर्गात शिकवलं होतं. सतराव्या वेळी सुई बसली. तासाभरात शोभानं चार धागे भरले. मग कापड उजेडासमोर धरलं. भोकाजवळ गुंता दिसत होता, लांबूनही.

"सांग, कुठे होतं?" शोभा म्हणाली.

प्रतिभा उठून उभी राहिली आणि ओरडायला लागली. गेरूवर ओरडली, गायत्रीवर, सुधाकररावांवर, जसोंडीवर, सगळं नुसतं बघत बसलेल्या आळीवर. दुकानातलं गिऱ्हाईक परत फिरलं. सुधाकररावांनी पाण्याचा पेला आणला, तो तिनं घेतला नाही.

शोभानं शालूची घडी घातली. "झालं? मग आता एक काम कर. मला जसोंडीला ने."

"नेते! उद्या नेते. त्या बाईला ओट्यावरून खाली ओढते."

"म्हणूनच तू बोलायचं नाहीस. मी बोलेन. ती वाईट नाही गं. कंबरेवरची आली तर खुशाल गेरू लावू दे तिला, कुणाचं काही बिघडत नाही. फक्त कपाळावरची आली की हात लावायचा नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडायचं. एवढंच सांगायचंय. तिचं लोक ऐकतात. ती म्हणाली तर जातील. तू म्हणालीस तर कोण जाईल?"

हे खरं होतं, म्हणून प्रतिभाला अधिकच लागलं. "मग मी कशाला हवी? गायत्रीला ने."

"तू हवीस. मी एकटीनं सांगितलं तर तिला वाटेल, डोळा गेला म्हणून माझ्यावर खापर फोडायला आली. ती हट्टाला पेटेल. तू तिच्या शेजारी बसायचं आणि सांगायचं, की फोनवर तू काय म्हणाली होतीस."

"काय?"

"तेच. काही नाही म्हणालीस ते. चुकलं ते दोघींचं, असं तिला दिसलं म्हणजे ती ऐकेल. चौतीस वर्षं शिकवत आलेली बाई चुकू शकते, तर तिची चूक तिला एवढी जड जाणार नाही."

"तिथे? त्या ओट्यावर? सगळ्यांच्या देखत?"

"रविवारी लवकर गेलं तर गर्दी नसते."

प्रतिभा म्हणाली, रविवारी जाऊ.

त्या रविवारी तिचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या रविवारी नाशिकची मंडळी आली. तिसऱ्या रविवारी सकाळी सातला शोभा चप्पल घालून, काळा चष्मा लावून दारात उभी राहिली. प्रतिभा म्हणाली, ऊन फार आहे गं, तुझ्या कपाळाला सोसायचं नाही, बुधवारी बघू. सकाळी सातला ऊन! शोभानं मान हलवली, चप्पल काढली, चहा पिऊन घरी गेली. बुधवारी प्रतिभानं दार उशिरा उघडलं. मग केळीचा हंगाम लागला, जसोंडीच्या रस्त्यावर घडांच्या गाड्यांची रीघ, रिक्षावाले यायला तयार नाहीत, हे कारण महिनाभर पुरलं.

जसोंडी काही चंद्रावर नाही. अर्ध्या तासाची वाट आहे. चौतीस वर्षं जी बाई दर वर्षी नव्या पोरींना "चूक कबूल करायला लाजू नये" असं दटावत होती, तिला ती वाट चालवेना. सांगायचं होतं एकच वाक्य.

रविवारी आणि बुधवारी धुरपदाबाईच्या ओट्यावर माणसं बसतात. त्यांतल्या कुणाच्या कपाळावर काय आहे, इतवाऱ्यातून दिसत नाही. शोभा जांभळा शालू परत करून आली, तशा आणखी दोन साड्याही. आता ती दुकानात पुढे बसते आणि सुधाकरराव कापड फाडतात. प्रतिभा रोज संध्याकाळी जाते, दोघी बोलतात, शोभा चेष्टाही करते. जूनपर्यंत ती मधूनमधून विचारायची, "मग, जसोंडीचं काय?"

आता विचारत नाही.